गाडीच्या सुट्या भागांचं स्टील कसं तपासायचं: क्वालिटी विभागात नव्यानं आलेल्यांसाठी

दोन बार शेजारी शेजारी ठेवा. एक साध्या कार्बन स्टीलचा, दुसरा क्रोम-मॉलिब्डेनम घातलेल्या मिश्र पोलादाचा. रंग तोच, वजन तेच, कापल्यावर दिसणारी चकाकीही तीच. पण मिश्र पोलादापासून बनलेला स्टीअरिंग नकल (चाक आणि स्टीअरिंग यांना जोडणारा भाग) वर्षानुवर्षं दणके सोसतो आणि साध्याचा अर्ध्या वाटेत मोडू शकतो. पोलाद डोळ्यांना ओळख देत नाही. त्याची ओळख दोनच ठिकाणी असते, कागदावर आणि चाचणीत. हातातला तुकडा आणि त्याचा कागद यांचं नातं वितळभट्टीपासून गाडीपर्यंत तुटू न देणं हे तुमचं काम आहे. बाकी सगळी मानकं, फॉर्म आणि ऑडिट त्यासाठीच आहेत.

पायरी १: कोणता नियम कुठून आला ते आधी समजून घ्या

नव्या माणसासमोर पहिल्या आठवड्यात इतके आकडे येतात की सगळे एकाच पातळीवरचे वाटायला लागतात. तसे ते नाहीत. त्यांचे तीन थर आहेत.

सगळ्यात वर वाहनाचे सुरक्षा नियम. उदाहरणार्थ, संयुक्त राष्ट्रांचा १४ क्रमांकाचा नियम सीटबेल्टच्या अँकरेजबद्दल, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे बांधलेला असतो त्या जागांबद्दल आहे. प्रवासी कारच्या तीन-बिंदू बेल्टच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवर प्रत्येकी १,३५० डेकान्यूटनची, म्हणजे १३,५०० न्यूटनची ओढ एकाच वेळी द्यायची आणि अँकरेजनं ती निदान ०.२ सेकंद पेलायची. ब्रॅकेट कोणत्या ग्रेडचं (स्टीलच्या प्रकाराचं) हवं, हे हा नियम सांगत नाही. तो फक्त निकाल मागतो. ग्रेड निवडण्याची जबाबदारी डिझायनरची आणि ठरलेला ग्रेड प्रत्येक तुकड्यात खरोखर असण्याची जबाबदारी तुमची.

मधला थर कारखाना चालवण्याच्या पद्धतीचा. इथे आयएटीएफ १६९४९ हे मानक येतं. त्याची चालू आवृत्ती २०१६ ची आहे आणि ती आयएसओ ९००१ च्या पायावर उभी आहे. स्टीलमध्ये कार्बन किती हवा हे त्यात कुठेही नाही. चूक होऊ नये आणि झाली तर पुढे जाऊ नये यासाठी कामाची घडी कशी बसवायची, ते त्यात आहे.

खालचा थर प्रत्यक्ष धातूचा: रासायनिक घटक, ताकद, कडकपणा, चाचणीच्या पद्धती. तुमचा बहुतेक दिवस इथेच जाईल.

पायरी २: ड्रॉइंगवरची ती एक ओळ नीट वाचा

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात साधारण अशी ओळ असते: ‘४२सीआरएमओ४ प्लस क्यूटी, कडकपणा २८ ते ३२ एचआरसी, प्रमाणपत्र ईएन १०२०४ प्रकार ३.१’. एवढ्याशा ओळीत बरंच काही आहे. एचआरसी म्हणजे रॉकवेल सी मापपट्टीवरचा कडकपणा, आणि ईएन १०२०४ हे टेस्ट सर्टिफिकेटचे प्रकार ठरवणारं मानक (ते पायरी ३ मध्ये).

ग्रेडच्या नावात घटक दडलेले असतात. सुरुवातीचा ४२ म्हणजे सरासरी ०.४२ टक्के कार्बन, पुढची अक्षरं क्रोमियम आणि मॉलिब्डेनमची, शेवटचा ४ क्रोमियमच्या प्रमाणाचा इशारा (४ ला ४ नं भागा, येतं साधारण १ टक्का). ‘प्लस क्यूटी’ म्हणजे क्वेंचिंग (तापवून झटकन थंड करणं) आणि टेम्परिंग (मग पुन्हा बेतानं तापवणं) केलेलं. हे शेपूट वगळून ऑर्डर गेली, तर त्याच ग्रेडचा पण मऊ बार येऊ शकतो. तेव्हा पुरवठादाराला दोष देता येणार नाही.

नावांचा एक सापळा जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला अडकवतो. शॉप फ्लोअरवर लोक ‘ईएन ८’, ‘ईएन १९’, ‘ईएन २४’ म्हणतात. हे ईएन म्हणजे युरोपियन मानक नव्हे. ते जुन्या ब्रिटिश बीएस ९७० मधले नंबर आहेत. ईएन १०२०४ मधला ईएन मात्र युरोपियन मानकाचा. ईएन १९, अमेरिकन एसएई ४१४० आणि ४२सीआरएमओ४ ही जवळची भावंडं आहेत, पण जुळी नाहीत. ४१४० मध्ये कार्बन ०.३८ ते ०.४३ टक्के, ४२सीआरएमओ४ मध्ये ०.३८ ते ०.४५. मँगनीजच्या आणि क्रोमियमच्या मर्यादाही वेगळ्या. ‘तेच आहे हो, चालतं’ असं कुणी म्हणालं, तर ग्राहकाची लेखी मंजुरी मागा. मंजुरी आली तर चालतं, नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट, मर्यादा दोन्ही बाजूंनी वाचा. गंधक कमी तेवढं चांगलं, असा सर्वसाधारण समज आहे. पण ४२सीआरएमओएस४ या ग्रेडमध्ये गंधक ०.०२० ते ०.०४० टक्के मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण मशिनिंगला ते मदत करतं. तिथे ०.००५ टक्के गंधकाचा ‘फार शुद्ध’ बार आला तर तो नापासच.

पायरी ३: टेस्ट सर्टिफिकेट

मालाबरोबर येणारा टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, बरेच जण फक्त ‘आहे ना’ एवढंच बघून फाइलला लावतात. तसं करू नका. प्रकारापासून सुरुवात करा. ईएन १०२०४ मध्ये मुख्यतः चार प्रकार आहेत. २.१ म्हणजे ‘ऑर्डरप्रमाणे माल दिला’ एवढंच विधान, चाचणीचे निकाल नाहीत. २.२ मध्ये निकाल असतात, पण ते याच मालाचे असतील असं नाही. ३.१ मध्ये तुम्हाला मिळालेल्या मालाचेच निकाल असतात आणि सही उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासणी प्रतिनिधीची असते. ३.२ मध्ये खरेदीदाराचा किंवा अधिकृत निरीक्षकाचा माणूसही सही करतो. सुरक्षेशी संबंधित भागांसाठी २.२ वर समाधान मानणं म्हणजे दुसऱ्याच मालाचा निकाल आपल्या मालाला लावणं.

माल व्यापाऱ्यामार्फत आला असेल तर त्यानं मिलचा (स्टील बनवणाऱ्या कारखान्याचा) मूळ टीसी किंवा त्याची न बदललेली प्रत द्यायला हवी. स्वतःच्या लेटरहेडवर आकडे नव्यानं टाइप करून दिलेला कागद स्वीकारू नका. टाइप करताना एक दशांश चिन्ह सरकलं तरी तुम्हाला कधी कळणार नाही.

मग आकड्यांकडे वळा. टीसीवरचं रासायनिक पृथक्करण हे वितळलेल्या धातूच्या नमुन्याचं असतं. तुम्ही बार कापून स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवला तर आकडा थोडा इकडेतिकडे होणारच, आणि मानकांनी त्यासाठी सूट ठेवलेली आहे. या ग्रेडमध्ये कार्बनला ती ०.०२ टक्के आहे. म्हणजे तयार बारमध्ये ०.४६ दिसलं म्हणून घाईनं लॉट नाकारू नका आणि ०.४९ दिसलं तर ‘सूट असते’ म्हणून सोडूही नका.

ताकदीचे आकडे वाचताना जाडी विसरू नका. ४२सीआरएमओ४ क्वेंच-टेम्पर केलेलं असेल, तर १६ ते ४० मिलिमीटर व्यासाला ताणशक्ती १,००० ते १,२०० मेगापास्कल अपेक्षित आहे, पण ४० ते १०० मिलिमीटरला ९०० ते १,१००. तीच रसायनं, तीच भट्टी, तरीही फरक, कारण जाड बारचा गाभा हळू थंड होतो. टीसीवरचा नमुना कोणत्या व्यासाचा होता, हे विचारायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

तांबं आणि कथिल यांच्याकडेही नजर असू द्या. भंगार वितळवून बनवलेल्या स्टीलमध्ये ते येतात, आणि तांबं एकदा मिसळलं की नेहमीच्या स्टीलनिर्मितीत ते बाहेर काढता येत नाही. फोर्जिंगच्या (तापवून ठोकून आकार देण्याच्या) तापमानाला ते पृष्ठभागाखाली साचतं आणि वर बारीक तडे उमटतात. फोर्जिंगवाले डायला (साच्याला) दोष देत बसतात आणि कारण टीसीच्या शेवटच्या दोन रकान्यांत असतं.

पायरी ४: हीट नंबर

भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला एक हीट नंबर मिळतो. तो बंडलच्या टॅगवर असतो, टीसीवर असतो, आणि पुढे प्रत्येक टप्प्याच्या जॉब कार्डवर असायला हवा. तयार भागावर तारखेची किंवा लॉटची खूण असेल, तर त्या खुणेवरून मागे मागे जात हीट नंबरपर्यंत पोचता आलं पाहिजे.

हे सांगताना मला माझ्या सुरुवातीच्या काळातला एक लॉट आठवतो. उष्णोपचार करून आलेल्या फोर्जिंगमध्ये काही तुकडे फारच मऊ निघाले. सगळे नाही, मधूनच एखादा. भट्टीचे चार्ट तपासले, तेल तपासलं, रॉकवेल मशीन तपासलं. सगळं बरोबर. शेवटी एक मऊ तुकडा कापून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला तर तो साधा मध्यम कार्बनचा निघाला, क्रोमियमचा पत्ताच नाही. माग काढला तेव्हा कळलं की बारच्या एकाच टोकाला रंगाची खूण असायची आणि कटिंगवाला सोयीचं म्हणून त्याच टोकापासून कापायला सुरुवात करायचा. उरलेला अर्धा बार बिनरंगाचा रॅकवर परत जायचा. तिथे तसाच दुसऱ्या ग्रेडचा उरलेला बार होता. त्या कामगाराची चूक मी मानत नाही. खूण कुठे टिकवायची, हे त्याला आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी दाखवतो. कापायला सुरुवात बिनरंगाच्या टोकापासून करायची, म्हणजे खूण शेवटच्या तुकड्यापर्यंत राहते. उरलेला बार रॅकवर जाण्याआधी त्यावर हीट नंबर लिहायचा. आणि एका मशीनजवळ एका वेळी एकच हीट ठेवायची, दुसरी आणण्याआधी पहिलीचे सगळे तुकडे मोजून उचलायचे.

पायरी ५: स्वतः तपासा

ताण चाचणी आयएसओ ६८९२-१ प्रमाणे होते. त्यात चार आकडे बघा: ताणशक्ती, ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (ज्या ताणाला तुकडा ०.२ टक्के कायमचा लांबतो तो), लांबीतली वाढ आणि तुटलेल्या जागी कमी झालेलं क्षेत्रफळ. पहिले दोन ताकद सांगतात, नंतरचे दोन चिवटपणा. गाडीच्या भागात नुसती ताकद पुरत नाही. धडक बसली की भागानं आधी वाकावं, काचेसारखा फुटू नये.

कडकपणाची चाचणी रोजची, म्हणून तिच्यातच सर्वाधिक हलगर्जीपणा होतो. दिवसाची सुरुवात प्रमाणित टेस्ट ब्लॉकनं करा. तुकड्याचा वरचा थर घासून काढा, कारण तापवताना पृष्ठभागातला कार्बन जळून तो थर मऊ झालेला असू शकतो आणि मशीन तोच मऊपणा मोजेल. दोन खुणा एकमेकींना चिकटून घेऊ नका, कडेलाही घेऊ नका. आणि रॉकवेल सी मापपट्टी २० च्या खाली विश्वासाची नाही. डायलवर १६ दिसलं तर तो आकडा लिहू नका, रॉकवेल बी किंवा ब्रिनेल या कडकपणाच्या दुसऱ्या मापांवर मोजा. ब्रिनेलचा एक उपयोगी आडाखा: आकड्याला ३.४५ नं गुणलं की स्टीलची ताणशक्ती साधारण मेगापास्कलमध्ये मिळते. ३०० ब्रिनेल म्हणजे सुमारे १,०३५. आडाखा म्हणूनच वापरा, अहवालात लिहू नका.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी बघतात, कणांचा आकार आणि अशुद्धी. अशुद्धी आयएसओ ४९६७ प्रमाणे मोजतात: सल्फाइड, अ‍ॅल्युमिना, सिलिकेट, गोलाकार ऑक्साइड. थकव्यानं मोडलेल्या बेअरिंगचा किंवा स्प्रिंगचा तडा पुष्कळदा अशाच एखाद्या कठीण कणापासून सुरू झालेला सापडतो. म्हणून बेअरिंगच्या स्टीलमध्ये ऑक्सिजन १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भागांच्या) आत मागतात.

काम बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवत असाल तर तिच्याकडे आयएसओ १७०२५ ची मान्यता आहे का बघा, आणि तुम्हाला हवी ती चाचणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का तेही बघा. नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर असून भागत नाही.

पायरी ६: जे चाचणीत पास होऊनही मोडतं

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक गेटवर पकडली जात नाही.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं असतं. यातला १० म्हणजे सुमारे १,००० मेगापास्कल ताणशक्ती, .९ म्हणजे तिच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जाऊ लागतो. ८.८ चा अर्थही तसाच लावायचा. ही आयएसओ ८९८-१ ची भाषा. आता असा कडक बोल्ट गंजू नये म्हणून त्यावर विजेच्या साहाय्यानं झिंक चढवलं. आधी आम्लात धुतला, मग टाकीत सोडला. दोन्ही वेळी हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला थोडा धातूत शिरतो. बोल्ट तपासणीत पास होतो, असेंब्लीत ठरलेल्या टॉर्कला आवळलाही जातो. आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी, गाडी नुसती उभी असताना, डोकं तुटून पडतं. याला हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट म्हणतात.

जितकं स्टील कडक, तितका हा धोका मोठा. आयएसओ ४०४२ मध्ये ३९० व्हिकर्सच्या (हेही कडकपणाचंच माप) वर विशेष काळजी घ्यायला सांगितलं आहे. १२.९ चे बोल्ट या रेषेच्या आसपास किंवा वर असतात. नेहमीचा उपाय बेकिंगचा: झिंक चढवल्यावर शक्यतो ४ तासांच्या आत भाग भट्टीत घालून १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास ठेवायचे. प्लेटिंगवाल्याकडे गेलात तर टाकी बघू नका, बेकिंग भट्टीचा चार्ट मागा. प्लेटिंग संपल्याची वेळ आणि भट्टीत घातल्याची वेळ या दोन्ही नोंदी जुळवून बघा. रात्रपाळीचा माल सकाळी बेक होत असेल तर तो लॉट तिथेच थांबवा. बेकिंग म्हणजे पूर्ण हमीही नव्हे. फार कडक बोल्टना विजेशिवाय चढवता येणारं झिंक-फ्लेक कोटिंग हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, पण ते ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये असावं लागतं.

उष्णोपचाराचंही असंच. ५०० तुकड्यांच्या चार्जमधून (भट्टीत एका वेळी घातलेल्या मालातून) तुम्ही ५ तपासता, बाकी ४९५ भट्टीच्या शिस्तीवर सोडलेले असतात. म्हणून भट्टीचंच ऑडिट करावं लागतं. त्यासाठी वाहन उद्योगात सीक्यूआय-९ ही तपासणी वापरतात: थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) कधी बदलले, भट्टीच्या सगळ्या कोपऱ्यांत तापमान सारखं आहे का, क्वेंचच्या तेलाचं तापमान आणि स्थिती काय, अलार्म वाजल्यावर भट्टीतल्या मालाचं काय केलं. हा शेवटचा प्रश्न मी कधी चुकवत नाही. प्लेटिंगसाठी सीक्यूआय-११ आणि इतर कोटिंगसाठी सीक्यूआय-१२ आहे.

ग्राइंडिंगच्या वेळी पृष्ठभाग जळणं हाही असाच लपलेला दोष. माप अचूक, चकाकी सुंदर, पण आत ठिसूळ थर. सौम्य नायट्रिक आम्लाच्या एचिंगनं तो उघड होतो.

पायरी ७: पत्र्याचं जग वेगळं

बॉडीचे भाग पत्र्यातून दाबून काढतात, तिथे आकार घेण्याची क्षमता आधी बघावी लागते. ‘डीपी ६००’ सारख्या नावातला आकडा किमान ताणशक्तीचा, पण तो पत्रा डायमध्ये फाटेल की नाही हे एन (ताणताना पत्रा किती कडक होत जातो) आणि आर (तो पातळ होण्याला किती विरोध करतो) ही मूल्यं सांगतात. दारांच्या खांबासाठी २२एमएनबी५ हे बोरॉन स्टील सुमारे ९०० ते ९५० अंशांना तापवून थंड डायमध्येच दाबतात आणि तिथेच ते कडक होऊन १,५०० मेगापास्कलपर्यंत पोचतं. या भागांत आलेल्या पत्र्याचा टीसी अर्धीच गोष्ट सांगतो, अंतिम ताकद तुमच्या प्रेसमध्ये तयार होते. डायचं पाणी बंद पडलं तर तीही बंद पडते. म्हणून तपासणी तयार भागावर करा.

पायरी ८: पीपीएपी आणि बदल

नवा भाग सुरू करताना ग्राहकाला पीपीएपी, म्हणजे त्या भागाच्या मंजुरीसाठीचा कागदपत्रांचा संच, द्यावं लागतं. त्यात १८ घटक असतात आणि सादर करण्याच्या ५ पातळ्या, वेगळं काही सांगितलं नसेल तर पातळी ३. मटेरियलचे निकाल त्यातलाच एक घटक. एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं याच्या आधीच केलेल्या विश्लेषणात) ज्या दोषामुळे गाडी सुरक्षित चालवण्यावर परिणाम होतो, त्याला तीव्रतेचे १० पैकी १० गुण. ते कमी करण्यासाठी बैठकीत कुणी कितीही आग्रह धरला तरी ऐकू नका. तपासणी वाढवल्यानं दोष सापडण्याची शक्यता वाढते, दोषाचा परिणाम सौम्य होत नाही.

मंजुरीनंतर स्टीलची मिल बदलली, भट्टी बदलली, प्लेटिंग दुसऱ्याकडे गेलं, तर आधी ग्राहकाला कळवायचं आणि मगच माल पाठवायचा.

पायरी ९: मना असलेले पदार्थ

आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीच्या युरोपच्या २००० सालच्या निर्देशानं शिसं, पारा, कॅडमियम आणि सहा-संयुजी क्रोमियम यांवर मर्यादा घातल्या. एकसंध पदार्थात ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१. मशिनिंग सोपं व्हावं म्हणून स्टीलमध्ये घातलेल्या शिशाला ०.३५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली गेली, पण ती काळानुसार तपासली जाते, म्हणून चालू स्थिती प्रत्येक वेळी बघा. ही माहिती आयएमडीएस या, भागांतल्या पदार्थांची नोंद ठेवणाऱ्या वाहन उद्योगाच्या प्रणालीत भरावी लागते.

काही ग्राहक स्टील किरणोत्सारी नसल्याचं पत्रही मागतात. त्यामागे कारण आहे. मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझजवळ कोबाल्ट-६० असलेलं वैद्यकीय यंत्र भंगारात गेलं, वितळलं आणि त्याच्या सळया बनल्या. जानेवारी १९८४ मध्ये अशा सळया घेऊन निघालेला ट्रक लॉस अलामॉसच्या किरणोत्सार मापकासमोरून गेला, तेव्हा हे उघडकीस आलं.

पायरी १०: लॉट नापास झाला तर

पहिल्या तासात कारण शोधू नका. आधी माल थांबवा. लाल टॅग लावा आणि त्या हीटचे तुकडे कुठे कुठे आहेत याची यादी करा: स्टोअर, मशीन, बाहेरचा उष्णोपचार, प्लेटिंग, पॅकिंग, वाटेतली गाडी, ग्राहकाची लाइन. प्रत्येक ठिकाणी संख्या लिहा. बेरीज आलेल्या मालाशी जुळली नाही तर राहिलेले तुकडे सापडेपर्यंत शोधा. माल बाहेर गेला असेल तर ग्राहकाला त्याच दिवशी सांगा.

पुन्हा चाचणी घ्यायची असेल तर तिचे नियम मानकात दिलेले असतात, सहसा एका नापास नमुन्यामागे आणखी दोन, आणि दोन्ही पास व्हायला हवेत. पास होईपर्यंत नमुने कापत राहणं ही चाचणी नव्हे. पहिला नापास आकडा नोंदीत तसाच राहू द्या.

आणि रॅकच्या मागे टॅग नसलेला एखादा बार सापडला, तर तो स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून ‘ग्रेड बरोबर आहे, घ्या वापरायला’ असं कुणी म्हणेल. स्पेक्ट्रोमीटर त्याची जात सांगेल, हीट नंबर सांगणार नाही. अशुद्धी किती, कण केवढे, तो कोणत्या मिलचा, यातलं काहीच कळणार नाही. त्याचा जिग (काम करताना तुकडा धरून ठेवणारं साधन) बनवा, स्टँड बनवा. ब्रेकच्या भागासाठी तो कापू देऊ नका.